रंगखात्यातला फोटो

आमचा स्टुडिओ नगरला कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होता. खाली स्टुडिओ आणि वर राहायच्या दोन खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नाचे, नोकरीच्या अर्जाला लावायचे, शाळांच्या वर्गांचे, असे सगळेच फोटो काढत. आई लवकर गेली. त्यामुळे शाळेतून आले की वर रिकाम्या घरात जाण्यापेक्षा मी खालीच अण्णांच्या जवळ बसे. निगेटिव्हवर पेन्सिलीचं बारीक टोक फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायचं काम मी खेळता खेळता शिकले. पुढे मॅट्रिक झाले, कॉलेजला गेले, पण मन लागायचं ते त्या लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीतच.

मग अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कॅमेरा स्टँडवर असला तर त्यांचं निभावून जाई, हातात घेतला की फोटो हलत. त्यांनी बोलून काही दाखवलं नाही. एक दिवस बारशाचं काम आलं तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “तू काढ. मी उजेड बघतो.” तेव्हापासून आमचं तसंच ठरून गेलं. कॅमेरा माझ्याकडे, उजेड त्यांच्याकडे.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि स्टुडिओत जवानांची गर्दी वाढली. नगरला छावणी असल्यामुळे जवान आम्हाला नवे नव्हते, पण त्या दिवसांत ते वेगळे वाटायचे. गप्पा कमी करायचे. अण्णांनी हौसेनं रंगवून घेतलेला तळ्याचा आणि कमळांचा पडदा त्यांना नको असे. साधा पडदा लावा म्हणायचे, टोपी नीट करून ताठ बसायचे. फोटो घरी पाठवायचा असे. काहीजण पत्ता देऊन जात, काही म्हणत, आम्हीच येऊन नेऊ. त्यातले बरेच फोटो न्यायला कुणी आलंच नाही. ते पाकिटात तसेच राहिले, आणि ही पाकिटं टाकायची की ठेवायची हे अण्णांना पुढे कितीतरी वर्षं ठरवता आलं नाही.

युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात मनमाड रस्त्यावरच्या एका कारखान्याचे मॅनेजर स्कूटरवरून आमच्याकडे आले. तो कारखाना एरवी बादल्या, घमेली आणि दुधाचे कॅन बनवायचा. आता तिथं लष्कराच्या गाड्यांसाठी पेट्रोलचे आणि पाण्याचे चपटे पत्र्याचे डबे होत होते, आणि तीन पाळ्यांत काम चालू होतं. मालकांना एक मोठा अल्बम करायचा होता. देशासाठी आपले कामगार कसे राबताहेत हे फोटोतून दिसायला हवं. तो अल्बम लष्कराच्या साहेबांना दाखवायचा, त्यातले काही फोटो मोठे करून ऑफिसात लावायचे. मॅनेजरांनी एकच अट घातली. कुणीही कॅमेऱ्याकडे बघता कामा नये. सगळे कामात गुंग दिसले पाहिजेत. लग्नातल्यासारखे फोटो नकोत.

अण्णांना ते पटलं. मलाही पटलं. असं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं आणि मला तर मनातून आनंदच झाला होता.

आम्ही गेलो त्या दिवशी सगळे कामगार धुतलेले कपडे घालून आले होते. फोटो निघणार हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. कुणी ठेवणीतला सदरा काढला होता, कुणी केसांना तेल लावून भांग पाडला होता. शिक्के मारायला बसणाऱ्या बायकांनी तर गजरे माळले होते. मॅनेजरांनी ते बघून कपाळाला हात लावला. गजरे काढायला लावले, ठेवणीतल्या सदऱ्यांवर कामाचे मळके कपडे चढवायला लावले. बायका हिरमुसल्या, पण त्यांनी गजरे काढून पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

आम्ही पत्रा कापायच्या यंत्रापासून सुरुवात केली. शेजारी दाबयंत्राचा मोठा साचा खाली आला की सपाट पत्र्यातून डब्याचा अर्धा भाग उठून येई. दोन अर्धे भाग जोडायला पुढे वेल्डिंगवाले बसले होते. तिथून डबा पाण्याच्या हौदावर जाई. हौदावरचा म्हातारा त्यात हवा भरून तो पाण्याखाली दाबून धरी आणि बुडबुडा येतो का बघे. हे सगळे फोटो छान निघत होते. मी वाकून दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या काचेवर बघायची, अण्णा हातानं खूण करायचे, फ्लॅशचा बल्ब लखकन उडायचा. माणसं चोरून आमच्याकडे बघत, मग मॅनेजरांचा आवाज आला की खाली बघत.

शेवटी रंगखातं राहिलं. ती एक लांबट, बुटकी खोली होती. एका बाजूला लष्करी हिरव्या रंगाचा हौद, वरून आकड्यांना लटकवलेले डबे. डबा हौदात बुडवायचा, वर काढायचा, निथळू द्यायचा आणि पुढे सरकवायचा. आत शिरताच माझे डोळे चुरचुरले. थिनरच्या वासानं डोकं गरगरलं. शहरात त्या दिवसांत ब्लॅकआउट होता. दिवे बाहेर दिसू नयेत म्हणून त्या खोलीच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद आणि त्यावर गोणपाट ठोकलं होतं. ते रोज काढायचं आणि घालायचं कोण, म्हणून दिवसाही तसंच राहत होतं. आत पिवळ्या बल्बचा मिणमिणता उजेड.

अण्णांनी फ्लॅश लावायला घेतला तसा हौदाजवळचा एक कामगार पुढे आला. तिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. तो अण्णांना म्हणाला, “काका, हितं त्यो नगा उडवू. हितं काडी बी वडीत न्हाईत.”

अण्णांनी ताबडतोब फ्लॅश पिशवीत घातला. मग फोटोला उजेड कुठून आणायचा? अण्णांनी खोलीत एक फेरी मारली आणि मॅनेजरांना सांगितलं की पूर्वेकडची मोठी खिडकी उघडावी लागेल, नाहीतर इथला फोटो येणार नाही. मॅनेजरांनी जरा आढेवेढे घेतले. पण रंगखात्याशिवाय अल्बम पुरा होत नव्हता. दोन माणसांनी खिळे उपसले, गोणपाट खाली आलं, आणि सकाळचं ऊन त्या खोलीत शिरलं. थंडीची हवा आत आली. सगळ्या कामगारांनी हातातलं काम थांबवून नुसते श्वास घेतले. मी ते बघितलं. एकजण तर खिडकीपाशी जाऊन डोळे मिटून उभा राहिला.

तो टोपीवाला माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “ताई, रोज येत जा. तुमच्या पायी आमाला वारं तरी मिळालं.”

मी त्याला गाव विचारलं. त्यानं पारनेर तालुक्यातलं एक नाव सांगितलं. जमीन होती, पण पावसावरची. घरी आई, मोठा भाऊ, बायको आणि रांगतं पोर. तो नगरला गावच्याच चौघांबरोबर एका खोलीत राहत होता आणि सुट्टीला एसटीनं गावी जात होता. हाताचा रंग काही केल्या निघत नाही, त्यामुळे पोरगं त्याच्याकडे यायला भितं, असंही त्यानं सांगितलं. हे सांगताना तो हसत होता, पण हात मागे घेतले होते.

मॅनेजरांनी घाई केली. मी कॅमेरा सावरला. त्यानं आकड्याचा डबा धरला आणि हौदावर वाकला. उजेड त्याच्या बाजूनं इतका सुंदर पडला होता की मी जरा जास्तच वेळ काचेत बघत राहिले असेन. त्याला वाटलं काही चुकलंय. त्यानं मान थोडी वळवली. मी काचेतून नजर न काढता म्हटलं, “भाऊ, माझ्याकडं बघू नका. डब्याकडं बघा.”

त्यानं मान वर केली आणि म्हणाला, “बरं ताई.” नेमकं त्याच क्षणी माझं बोट दाबलं गेलं.

मग मी आणखी दोन-तीन फोटो घेतले. त्यांत तो सांगितल्याप्रमाणे खाली बघत होता. आम्ही आवराआवर करून निघालो तेव्हा माणसं खिडकीला परत गोणपाट ठोकत होती. कुणीतरी मॅनेजरांना विचारलं, दिवसा उघडी राहिली तर काय बिघडतं? ते म्हणाले, संध्याकाळी विसराल, आणि उद्या पोलीस माझ्या दारात येतील. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. गस्तवाले खरोखरच दारोदार फिरत होते.

फोटो धुऊन मी लहान प्रती काढल्या. मॅनेजरांनी स्टुडिओत बसून एकेक निवडला. ज्यात कुणी कॅमेऱ्याकडे बघत होतं त्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली. टोपीवाल्याचा तो फोटोही गेला. त्याऐवजी त्याची वाकलेली पाठ, टोपी आणि निथळणारा डबा असलेला फोटो अल्बमात बसला. खरं सांगायचं तर फोटो म्हणून तोच चांगला होता. अण्णांनी त्याची तारीफ केली आणि मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

अल्बम बांधून होईपर्यंत युद्ध संपलंही. बाजारात पेढे वाटले गेले, लोकांनी गुलाल उधळला. ब्लॅकआउट उठला. अण्णांनी आणि मी स्टुडिओच्या काचांवरचा काळा कागद ओल्या फडक्यानं खरवडून काढला. मला वाटलं, कारखान्यातही आता खिडक्या उघडल्या असतील. पण डब्यांचं काम अजून पुरं व्हायचं होतं, माणसं कामाला जुंपलेलीच होती, आणि गोणपाट काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हे मला नंतर कळलं.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी मनमाड रस्त्याच्या बाजूनं काळा धूर दिसला. गल्लीतली माणसं गच्चीवर चढून बघत होती. अण्णा म्हणाले, गवताची गंजी पेटली असेल. संध्याकाळी बातमी आली, डब्यांच्या कारखान्यात रंगखातं पेटलं. आग कशी लागली ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. कुणी म्हणे बल्बची वायर जळली, कुणी म्हणे लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडाली. दार एकच होतं. बरेचजण त्यातून बाहेर पडले. तीन माणसं भाजली, त्यातली दोन वाचली. तिसरा सरकारी दवाखान्यात दोन दिवस होता.

तो कोण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. खोलीत सात-आठ माणसं होती आणि मला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं.

चार-पाच दिवसांनी एक उंच, काळासावळा माणूस स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभा राहिला. धोतर, अंगावर घोंगडं, डोक्याचे केस काढलेले. अण्णांनी आत बोलावलं, पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग त्यानं सांगितलं की कारखान्यात जो गेला तो त्याचा धाकटा भाऊ. दहाव्याला पुढं ठेवायला फोटो हवा होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नातही काढला नव्हता. कारखान्यानं सगळ्यांचे फोटो काढले होते असं गावच्या पोरांनी सांगितलं, म्हणून तो कारखान्यात जाऊन आला होता.

“म्यानेजरसायबांनी बुक दावलं,” तो म्हणाला. “म्हन्ले, हा बगा तुमचा भाऊ. म्या बगितलं. टोपी दिसती, पाठ दिसती. त्वांड कुटं हाय?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेले. फुली मारलेल्या प्रती अण्णांनी फेकल्या नव्हत्या. ते काहीच फेकत नसत. त्यांच्या ढिगातून मी तो फोटो काढला आणि आणून त्या माणसाच्या हातात दिला. तोपर्यंत मला मनातून वाटत होतं की गेलेला माणूस दुसरा कुणीतरी असेल. पण त्यानं फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि तसाच खाली बाकावर बसला. मग फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि घोंगड्याचं टोक डोळ्यांना लावलं.

मोठा फोटो मी त्याच दिवशी करायला घेतला. अंधाऱ्या खोलीत कागद रसायनात टाकला की चित्र हळूहळू वर येतं. ते शेकडो वेळा बघितलेलं होतं. त्या दिवशी मात्र आधी टोपी आली, मग कपाळ, मग डोळे माझ्याकडे बघत वर आले, आणि मला तिथं उभं राहवेना. अण्णांनी येऊन पुढचं केलं. कंप सुटलेल्या हातानं त्यांनी कागद चिमट्यात धरून फिरवला, धुतला, दोरीला लावला. फोटोत त्याच्या हातातला डबा हलल्यामुळे पुसट आला होता. तोंड अर्धवट उघडं होतं. मी पेन्सिल घेऊन बसले, पण काही केलं नाही. त्या चेहऱ्यावर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

अण्णा म्हणाले, आपण स्वतः नेऊन देऊ. दहाव्याच्या सकाळी आम्ही पारनेरची एसटी धरली, पुढे फाट्यावर उतरून पायी गेलो. फाट्यावर त्याचा भाऊ न्यायला आला होता. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं होती. ताटं गुडघ्याएवढीच वाढून वाळून गेली होती. त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. पुढच्या पावसाळ्यात काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

ओढ्याच्या कडेला विधी झाला. आम्ही काचेच्या चौकटीत घालून नेलेला फोटो दगडाला टेकवून ठेवला होता. कावळा लवकर शिवला, असं माणसं आपसात बोलली. अण्णा पुरुषांबरोबर बसले आणि मला बायकांनी घरात नेलं. खोलीत अंधार होता. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. माझ्याएवढीच असेल, कदाचित एखादं वर्ष लहान. मांडीवर पोरगं झोपलं होतं. विधी आटोपल्यावर दिरानं फोटो आत आणून तिच्यापुढं धरला. तोपर्यंत तिनं तो पाहिला नव्हता.

ती रडली नाही. बोटानं काचेवरून त्याच्या कपाळापासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि शेजारच्या बाईला विचारलं, “हे कोनाकडं बगत्यात?”

मीच म्हणाले, “माझ्याकडं. मीच काढला फोटो.”

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “काय म्हनत्यात?”

“मी म्हटलं, भाऊ, माझ्याकडं बघू नका. तर म्हणाले, बरं ताई.”

“बरं,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “बरं.” आणि मग तिला हुंदका फुटला. शेजारच्या बाईनं तिला धरलं. ती त्या बाईला सांगत होती की त्यांना काहीबी सांगा, तेवढंच म्हणायचे. नगरला जाऊ नका म्हटलं तरी बरं म्हणायचे आणि जायचे.

कोपऱ्यात त्याची आई बसली होती. तिनं फोटो मागून घेतला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “तू बगू नगं म्हन्लीस अन् त्यानं बगितलं. तितंच घात झाला माज्या लेकराचा. जल्माला आल्यापून त्याला कुनी फोटूत धरलं नव्हतं.”

बायकांनी तिला गप्प केलं. एकजण मला म्हणाली, तुमी मनाला लावून घिऊ नगा, म्हातारी भानावर न्हाई. पण ती भानावर होती. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माझ्याकडे सरळ बघत होती. पाया पडावं असं वाटलं, पण तिनं पाय आखडून घेतले. मी उठून बाहेर आले.

परतताना एसटी फाट्यावरून सुटली. मग मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, “तिला कुणाला तरी बोलायचं होतं. जे आले त्यांनाच बोलणार ना. न आलेल्यांना काय बोलणार?” कारखान्याचे मालक आले नव्हते. मॅनेजरांनी एका कारकुनाबरोबर नारळ पाठवला होता. तो कारकून माझ्या ओळखीचा नव्हता, आणि तोही जेवायला न थांबता निघून गेला.

अण्णांचं म्हणणं मला समजलं. पण समजलं म्हणून काही सुटलं नाही. त्यानंतर महिनाभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. काचेत कुणाचा चेहरा आला की मला ती म्हातारी आठवे. अण्णांनी आग्रह केला नाही. लग्नसराईची कामं त्यांनी स्टँडवर कॅमेरा ठेवून निभावली. एक दिवस एक नवऱ्यामुलीची आई फोटो परत घेऊन आली. मुलीचा चेहरा हलला होता. ती काही लागट बोलली नाही, पण अण्णांनी मान खाली घातली. त्यांना तसं बघून मी परत कॅमेरा गळ्यात घातला.

रंगखातं दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झालं. आता खिडक्या उघड्या होत्या असं कळलं. एक नवं दार काढलं होतं. लष्कराचं काम थोड्याच दिवसांत संपलं आणि कारखाना परत बादल्या आणि घमेल्यांवर आला. अल्बम मालकांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात होता. मी तो एकदाच पाहिला. रंगखात्याच्या पानावर ती वाकलेली पाठ होती आणि खाली छापील अक्षरांत देशसेवेबद्दलचं एक वाक्य.

बहात्तरचा पावसाळा आला, पण पाऊस आलाच नाही. सगळा जिल्हा करपला. गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. कारखान्यात घमेली करायला परत तीन पाळ्या लागल्या. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात सरकारी माहिती खात्यातल्या एका साहेबांना कामांचे फोटो हवे होते. अण्णांना उन्हात फिरणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून मी एकटीच जीपमधून गेले. पाझर तलावाची कामं, रस्त्याची कामं, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा. हजारो माणसं, आणि घणांचा आणि हातोड्यांचा नुसता खणखणाट. फोटो काढताना मी आता कुणालाच काही सांगत नव्हते. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

पारनेरच्या रस्त्यावर अशाच एका रांगेतून एक बाई उठून माझ्याकडे आली. चेहऱ्यावर खडीची पांढरी धूळ होती. तिनं पदरानं तोंड पुसलं तेव्हा मी तिला ओळखलं. तिनंच आधी विचारलं, अण्णांची तब्येत कशी आहे. मी तिला पोराबद्दल विचारलं. ते शेवग्याच्या झाडाखाली इतर पोरांबरोबर बसलं होतं. आता पळायला लागलं होतं. जमिनीत काही पिकलं नव्हतं, दीर खड्डे खणायच्या कामावर दुसऱ्या बाजूला होता.

मी बिचकत विचारलं, “आणि आई?”

“गेल्या. चैतात.” मग तिनं सांगितलं. सासूनं आधी तो फोटो घरात लावू दिला नव्हता. पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला होता. पावसाळा कोरडा गेला तशी म्हातारी अंथरुणाला लागली. एक दिवस म्हणाली, काढा त्याला, जीव घुसमटत आसंल त्याचा. मग फोटो तिच्या उशापाशी ठेवला. “त्येच्याशीच बोलायच्या मग. जेवलास का, इचारायच्या. रागवायच्या बी. अन् मला सांगायच्या, आता बरं म्हन्ला बग.” एवढं सांगून ती म्हणाली, “त्या तुमाला बोलल्या तवा मला लई वाईट वाटलं हुतं. पर मला बोलायचं हुईना.”

मी तिचा हात धरला. तळव्याला फोड आले होते, काही फुटले होते. मी म्हटलं, तुमचा आणि बाळाचा एक फोटो काढू का? घरी पाठवून देईन. तिनं झटकन पदर पुढं ओढला.

“माजा नगा, ताई. असल्या दशेत नगा.” मग पोराकडे बघून म्हणाली, “त्याचा बी नगं. थोर हू द्या.”

तेवढ्यात मुकादमानं सुकडीचं खाणं वाटायला सुरुवात केली. रांगा मोडल्या, बायका भांडी घेऊन धावल्या. ती म्हणाली, जाते, न्हाईतर संपंल. पोराला कडेवर उचलून ती गर्दीत शिरली. मी कॅमेरा बंद करून जीपपाशी थांबले. ती परत दिसली नाही. साहेबांना पुढच्या कामावर जायची घाई होती, आणि आम्ही निघालो.